चित्रकाराची उपयोगी आणि जराशी निराळी हत्यारं: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत दर रविवारी सकाळी मी चित्रकलेचा वर्ग घेतो. शाळकरी मुलं येतात, निवृत्त माणसं येतात, आणि सेलू-मानवतहून फोन करून विचारणारेही पुष्कळ आहेत. बहुतेक प्रश्न सामानाचे असतात. त्यांची उत्तरं मोठ्या शहरांतल्या व्हिडिओंत नीट सापडत नाहीत, कारण त्या लोकांना आपलं बोअरचं पाणी वापरावं लागत नाही आणि त्यांच्या प्लेटवरचा रंग मे महिन्यात दोन मिनिटांत खडखडीत होत नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे लिहून ठेवतो. यातली निम्मी हत्यारं गवंड्याच्या, शिंप्याच्या आणि स्वयंपाकघराच्या सामानातली आहेत.

नवशिक्यानं पहिलं हत्यार कोणतं घ्यावं?

काळा दोरा आणि त्याच्या टोकाला बांधलेला एक लोखंडी नट. हा गवंड्याचा ओळंबाच. हात लांब करून डोळ्यासमोर धरायचा आणि एक डोळा मिटून बघायचं: बसलेल्या माणसाच्या कानाच्या सरळ खाली काय येतं? खांदा की कोपर? आपल्या चित्रात त्या जागी काय आलंय? माणूस कलंडलेला दिसतो, घर झुकलेलं दिसतं, त्यातल्या निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात. माझ्या वर्गात नवीन आलेल्याला मी पेन्सिलच्या आधी ओळंबा देतो.

प्रमाण चुकतंच. प्रपोर्शनल डिव्हायडर, म्हणजे माप ठरावीक पटीत मोठं-लहान करून देणारं हत्यार, महाग आहे, घेऊ का?

घेऊ नका, बनवा. ३० सेंटीमीटरच्या दोन लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या घ्या. दोन्हींना एका टोकापासून १० सेंटीमीटरवर भोक पाडा आणि त्यातून स्क्रू-नट घालून कात्रीसारख्या जोडा. टोकं निमुळती कापा. आता लहान बाजूनं फोटोतलं अंतर मोजलं, की मोठ्या बाजूला ते बरोबर दुप्पट उघडतं, कारण एकीकडे १० आहेत आणि दुसरीकडे २०. आणखी एक भोक ७.५ सेंटीमीटरवर पाडलंत तर तिप्पट मिळेल. नट घट्ट हवा, नाहीतर माप हातात असतानाच सरकतं.

विकतचा घ्यायचाच असेल तर सरकती खीळ आणि आकडे कोरलेला घ्या. व्यक्तिचित्रं करून त्यावर पोट भरणाऱ्याला तो परवडतो. इतरांना पट्ट्या पुरतात.

“सर, वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) दिला की कागदावर पांढरट डाग पडायलेत. रंगच खराब निघाला का?”

रंग बहुधा चांगला असतो, दोष पाण्याचा असतो. आपल्याकडे बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. गिझरच्या कॉइलवर आणि माठाच्या बाहेर जो पांढरा थर धरतो, तोच गडद निळ्या वॉशवर वाळून बसतो. शिवाय जड पाण्यात रंगाचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात, त्यामुळे एकसारखा पसरणारा वॉशही दाणेदार होतो. शाईचंही तसंच. पाणी घातलं की कधी कधी ती फाटल्यासारखी दिसते.

आधी तपासा. स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी घालून उन्हात वाळवा. पांढरं कडं उरलं तर ते पाणी चित्राला नको.

मग वापरायचं काय? आरओचं पाणी चालतं. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर त्याहून चांगलं, पण लेबल वाचून घ्या, कारण शेजारीच आम्लाची बाटली असते. मला सगळ्यात आवडतं ते पावसाचं पाणी. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्यावेत, मग उघड्यावर स्वच्छ पातेलं ठेवून धरावं, वस्त्रगाळ करून काचेच्या बाटल्यांत भरावं. पत्र्यावरून पडलेलं घेऊ नका. उकळून थंड केलेल्या पाण्यातले थोडे क्षार खाली बसतात, सगळे नाही. तुरटी फिरवलेलं पाणी मात्र मुळीच वापरू नका. तुरटीनं गढूळपणा जातो, क्षार जात नाहीत, आणि वर आम्लता वाढते. कागदाला ती बाधते.

टँकरच्या दिवसांत एवढं पाणी आणायचं कुठून, असं विचारतात. फार लागत नाही. दोन भांडी ठेवा. ब्रश धुवायला साधं पाणी, शेवटची बुचकळी आणि रंग कालवणं चांगल्या पाण्यात. लिटरभर पाणी महिना काढतं.

एक सांगायचं राहिलं. वेरूळचे खडक रंगवताना मी मुद्दाम बोअरचंच पाणी घेतो. त्याच बेसॉल्टमधून आलेलं पाणी कागदावर दाणे सोडतं आणि दगडाचा पोत आपोआप उतरतो.

उन्हाळ्यात ॲक्रिलिक प्लेटवरच वाळतं. काय करावं?

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, हवा कोरडी असते, त्यामुळे हे होणारच. यावर स्टे-वेट पॅलेट नावाची वस्तू मिळते. घरी करायला मिठाईचा चपटा, झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या. तळाशी ओला स्पंज किंवा चार घड्यांचं सुती फडकं घाला, त्यावर बेकिंग पेपर पसरा आणि रंग त्या कागदावर काढा. खालची ओल कागदातून सावकाश वर येते, रंग दिवसभर मऊ राहतो. मेणाचा लेप असलेला कागद चालत नाही, त्यातून पाणी येत नाही. झाकण लावून डबा फ्रिजमध्ये ठेवला तर तीन-चार दिवस जातात. त्यानंतर वास येऊ लागतो. फडकं धुवून टाकायचं.

कूलरबद्दल दोन्ही मतं ऐकू येतात, आणि दोन्ही खरी आहेत. कूलरमुळे खोलीतली हवा ओलसर होते आणि रंग हळू वाळतो. पण तुम्ही कूलरच्या झोतातच बसलात तर वारा रंग उलट लवकर सुकवतो. कूलर चालू ठेवा, चित्र झोताच्या बाजूला घ्या. जलरंगाचा कागद मात्र त्या ओलीनं फुगतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बोर्डाला पक्का केलेला असेल तर त्रास कमी होतो.

ऑइल पेस्टल वितळतात, त्यांचं काय?

एकदा दुपारी मी पेस्टलचा डबा स्कूटरच्या डिकीत विसरलो. संध्याकाळी चोवीस रंगांची एक वडी हाती आली. तेव्हापासून मी कुंभाराकडची दोन मडकी वापरतो. मोठ्या मडक्यात धाकटं मडकं ठेवायचं, मधल्या जागेत वाळू भरायची, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. पेस्टलचा डबा पिशवीत बांधून आतल्या मडक्यात. वर ओलं गोणपाट. माठातलं पाणी ज्या कारणानं गार राहतं त्याच कारणानं हे गार राहतं: ओल उडून जाताना उष्णता घेऊन जाते. कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती फार चांगली चालते. पावसाळ्यात तिचा उपयोग नाही, आणि तेव्हा गरजही नसते.

जेली प्लेटवर, म्हणजे जेलीसारख्या मऊ पाट्यावर रंग लावून, छपाई करायची आहे. घरी जिलेटिनची प्लेट जमेल का?

दिवाळीत जमेल, मेमध्ये नाही. जिलेटिन साधारण ३५ अंशांच्या आसपास पातळ होतं, आपली खोली दुपारी त्याहून तापलेली असते. त्याऐवजी चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, घेऊन बघा. ते एकदा घट्ट झालं की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. प्लेट जरा ठिसूळ होते, म्हणून बोटभर जाड ओता आणि उचलताना खाली पुठ्ठा सरकवा. शेवग्याची, चिंचेची, कडुनिंबाची पानं त्यावर फार सुंदर छापली जातात.

रंगांचा फिकट-गडदपणा बरोबर आहे की नाही, हे कळायला काय वापरावं?

लाल काच किंवा लाल जिलेटिन कागद घेऊन त्यातून बघण्याची जुनी पद्धत आहे. रंग लपतो, फिकट-गडद तेवढं उरतं. पण ती पूर्ण खरं सांगत नाही. लाल वस्तू उगाच फिकट दिसते आणि झाडं नको तितकी काळी दिसतात. शेतं रंगवणाऱ्याची त्यात फसगत होते. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट मोड त्याहून प्रामाणिक आहे.

मोबाइलचा आणखी एक उपयोग मला फार प्रिय आहे. तो बंद करा आणि काळ्या पडद्यात मागचं दृश्य बघा. युरोपात अठराव्या शतकातले निसर्गचित्रकार काळी केलेली बहिर्वक्र काच, क्लॉड मिरर, घेऊन फिरत. बंद पडदा त्याच जातीचं काम करतो. भर दुपारी आपल्याकडे उजेड इतका पांढरा असतो की डोंगर, घर, रस्ता सगळं एकसारखं भाजलेलं दिसतं. काळ्या पडद्यात तेच दृश्य मंद होतं आणि मोठे आकार वेगळे पडतात. दौलताबादचा किल्ला दुपारी बारा वाजता रंगवायचा असेल तर हे करून बघा. सूर्याचं प्रतिबिंब पडद्यात येऊ देऊ नका. घरी चित्राकडे पाठ करून त्याच पडद्यात आपलं चित्र बघितलं, तर ते डावं-उजवं उलटं दिसतं आणि चेहऱ्यातला वाकडेपणा लगेच लक्षात येतो.

थेट ऊन येत नाही म्हणून उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली म्हणतात. आमच्या उत्तरेच्या खिडकीतून उन्हाळ्यात ऊन येतं. खिडकीची दिशा चुकली का?

दिशा बरोबर आहे. तो नियम दूर उत्तरेकडच्या देशांत तयार झाला, जिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच राहतो. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तो त्याच्याही आधीपासून उत्तरेच्या बाजूनं येतो. तेवढे महिने खिडकीवर जुनं पांढरं धोतर ताणून बांधा. उजेड मऊ होतो.

रात्रीसाठी बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त आहे का ते बघा, आणि ५००० केल्विनच्या आसपासचा घ्या. वीज जाण्याचा भाग असेल तर चार्जिंगचा दिवा ठेवा, पण रंग मिसळण्याचं काम त्याच्यावर करू नका. रेखांकन करा.

शिंप्याकडची, सोनाराकडची कुठली हत्यारं कामाला येतात?

शिंप्याचं दातेरी चाक आधी घ्या. कागदावरचं रेखाटन भिंतीवर उतरवायचं असेल तर रेषेवरून हे चाक फिरवा, बारीक भोकं पडतील. कागद भिंतीला लावा आणि कोळशाची पूड भरलेली मलमलची पुरचुंडी भोकांवरून थोपटत जा. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची रेषा. शाळेची भिंत रंगवताना प्रोजेक्टर मागवण्याआधी हे करून बघा. भर दुपारी, उघड्यावर प्रोजेक्टरचा उजेड भिंतीवर दिसतही नाही.

सोनाराची आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, बारीक कामाला. बिनसुईची सिरिंज माध्यम मोजून घालायला. रिकामा मेंदीचा कोन जाड, उठावाची रेष ओढायला. सुताराचा गुण्या कॅनव्हासची चौकट काटकोनात आहे का बघायला. गवंड्याचं रंगवलेलं सूत दोन टोकांना ताणून मध्ये उचलून सोडलं की वीस फुटी भिंतीवर सरळ रेघ उमटते. एवढ्या लांबीची पट्टी कुठे मिळणार?

आपल्या मातीतून रंग बनवता येतो का?

येतो, आणि प्रत्येक चित्रकारानं एकदा तरी बनवावा असं मला मनापासून वाटतं. अजिंठ्याच्या भिंतींवरचे पिवळे, तांबडे, तपकिरी रंग गेरू आणि पिवळ्या मातीचेच आहेत. हिरवा रंग याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. बाहेरून आणावा लागला तो मुख्यतः निळा, म्हणजे अफगाणिस्तानकडचा लाजवर्द. बाकी बहुतेक रंगपेटी याच भागात होती.

कृती अशी. माती कुटून बादलीभर पाण्यात ढवळा. मिनिटभर थांबा, वाळू खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी काढून टाका, खाली राहिलेला मऊ गाळ वाळवा. पिवळी माती जुन्या लोखंडी तव्यावर खूप तापवली तर तांबडी होते. तो तवा पुन्हा भाकरीला वापरायचा नाही. पूड हाताळताना नाका-तोंडाला फडकं बांधा.

रंग कागदाला धरून ठेवणारा बंधक म्हणून बाभळीचा डिंक. एक भाग डिंक, दोन भाग कोमट पाणी, रात्रभर भिजवून गाळून घ्या. त्यात थोडा मध किंवा मेडिकलमधलं ग्लिसरीन, आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब. कतीरा गोंद घेऊ नका, तो पाण्यात नुसता फुगतो, विरघळत नाही. आता माती आणि डिंक-पाणी जाड काचेवर घेऊन घोटा. यासाठी मुलर नावाची काचेची घोटणी मिळते, ती महाग असते. सपाट तळाचा जड काचेचा पेपरवेट चालतो. काच आणि पेपरवेट दोन्ही खरबरीत पॉलिश कागदानं थोडे घासून घ्या, म्हणजे रंग घसरत नाही. अर्धा तास घोटायची तयारी ठेवा.

आपल्या काळ्या मातीबद्दल मात्र आधीच सांगतो. तिच्यात फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात शेतात हातभर भेगा पडतात, आणि तेच ती कागदावर करते. जाड लावली की तडकते. अगदी पातळ वॉशसाठी वापरा. भिंतीवरच्या मातीकामात तडे रोखायला पूर्वी तंतू मिसळत. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिळालेले आहेत.

करडईचं तेल ऑइल पेंटला चालतं का? आमच्या घरी घाण्याचं असतं.

प्रश्न अगदी रास्त आहे. करडईचं तेल खरोखरच चित्रकलेत वापरतात. जवसापेक्षा ते कमी पिवळं पडतं, म्हणून पांढऱ्या रंगांत बऱ्याचदा तेच असतं. पण सगळी करडई सारखी नसते. जुन्या वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल जास्त असतं, ते हवेत वाळून पापुद्रा धरतं. हाय ओलिक वाणाचं तेल स्वयंपाकाला उत्तम, पण ते नीट वाळतच नाही. काचेवर पातळ थेंब पसरवून पंधरा दिवस ठेवा. बोटाला चिकटत असेल तर ते तेल कढईतच राहू द्या. वाळलं तरी अभ्यासाच्या चित्रांसाठीच वापरा. विकायच्या कामाला शुद्ध केलेलं, चित्रकारांसाठीचं तेल घ्या.

याच्याशी जोडलेली एक धोक्याची गोष्ट. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन पत्र्याच्या बंद खोलीत उघडू नका.

रंग उन्हात उडतो का, हे आधी कसं कळेल?

ट्यूबवरचा पिगमेंट कोड, म्हणजे आत कोणतं रंगद्रव्य आहे ते सांगणारा क्रमांक, वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, टिकाऊ. पीआर ८३ म्हणजे जुनं अलिझरिन क्रिमसन, उडणारं. कोडच नसेल तर तो रंग विकायच्या चित्रात घालू नका. मी स्वतः एकदा कोड नसलेल्या गुलाबी रंगात बोगनवेल रंगवली होती. दोन वर्षांनी त्या घरी गेलो, तर भिंतीवर राखाडी झुडूप होतं. नवं चित्र करून दिलं.

खात्री करायची तर कागदावर सगळ्या रंगांचे पट्टे ओढा, निम्मा भाग काळ्या पुठ्ठ्यानं झाका आणि थेट ऊन येणाऱ्या खिडकीत लावा. आपल्या उन्हात होळीला लावलेला कागद मृगापर्यंत बरंच काही सांगतो.

चित्रावर फर्निचरचं वार्निश मारलं तर?

मारू नका. याचं उत्तर अजिंठ्याच्या भिंतींवरच आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी १८७२ पासून तिथे नकला करत होते. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर वार्निश लावलं गेलं. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी रंगाचे पोपडे सांभाळण्यासाठी खूप काम केलं, पण वापरलेलं शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, कालांतरानं पिवळं-काळपट झालं. ते काढायला पुरातत्त्व विभागाच्या रसायनज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. हेतू चांगला होता, तरी दीड हजार वर्षं टिकलेल्या चित्रांवर पडदा आला. म्हणून चित्रकारांसाठीचं, नंतर काढता येईल असं वार्निशच घ्या. तैलचित्र असेल तर पातळ थरांनाही सहा महिने वाळू द्या. जलरंगाला वार्निश नको, काचेची फ्रेम करा.

अजिंठ्याला स्केचिंगला जाताना काय न्यावं?

सोमवारी लेणी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. सामान कमी न्या, कारण फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाडी सोडून बसनं जावं लागतं आणि पुढे पायऱ्या आहेत. टू-बी आणि फोर-बी पेन्सिल, नीडेड रबर (कणकेसारखं मळता येणारं खोडरबर), पुठ्ठ्याला क्लिप लावलेले कागद. आत अंधार असतो, फ्लॅश चालत नाही, आणि डोळ्यांना सरावायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ नुसतं उभं राहून बघा. रंग आत काढायचेच नाहीत. बाहेर येऊन वाघूर नदीच्या वळणाकडे तोंड करून बसा आणि वॉटर ब्रशनं आठवणीतले रंग टिपून घ्या. वॉटर ब्रश म्हणजे दांड्यातच पाणी भरायचा ब्रश. वेगळं भांडं लागत नाही, प्रवासात याच्यासारखं साधन नाही. त्यात पाणी मात्र चांगलं भरा. क्षारांनी त्याचं तोंड बुजतं.

इलेक्ट्रिक खोडरबर घ्यावं का?

कोळशाच्या किंवा पेन्सिलच्या चित्रात केस, डोळ्यातली चमक, पाण्यावरची तिरीप काढायला ते उत्तम आहे. चुका खोडायला घेणार असाल तर नको, कागद फाटतो.

कागद कुठला वापरावा? हातकागद चालेल?

दौलताबाद-खुलताबादच्या मधे कागजीपुरा नावाचं गाव आहे. तिथे हातकागदाची जुनी परंपरा आहे. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, त्या काळाशी लोक तिचं नातं सांगतात. हातकागदावर शाई, पेस्टल आणि बोरू फार खुलतात. जलरंगाआधी कोपऱ्यात एक थेंब टाकून बघा. थेंब लगेच शोषला गेला तर कागदाला खळ कमी आहे, वॉश सरकणार नाही. बोरू मात्र विकत घेऊ नका. नदीकाठची वाळकी बोरूची काडी किंवा पेरभर बांबू घ्या, तिरका छेद द्या, टोकाला मधोमध ब्लेडनं बारीक चीर पाडा. पहिले चार फुकट जातील, पाचवा चालेल.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना काय घेऊन द्यावं?

घट्ट बसणारा कंपास, न तुटलेले गुण्ये, दोन चांगले गोल ब्रश आणि रंगांची एक साधी पेटी. उरलेल्या पैशांचे कागद घ्या. ओळंब्याला लागणारा दोरा आणि नट घरात सापडेलच.